राक्षसाला निजवताना

अक्का, तुमचा राक्षस माझ्याकडे आहे. हे आधी सांगून टाकते, कारण तुम्ही जिथे असाल तिथून देवीची चौकशी नंतर कराल आणि ह्याची आधी, हे मला ठाऊक आहे. बरा आहे तो. नाकावरचा रंग थोडा उडालाय, पण ते माझं काम नाही, तुमच्याकडून आला तेव्हाच तसा होता. काल दसरा झाला. आज सकाळी बाहुल्या एकेक करून जुन्या धोतराच्या तुकड्यांत गुंडाळायला घेतल्या आणि ह्याच्यापाशी येऊन हात थांबला. मग कामाला सुट्टी दिली, चहा टाकला आणि तुमच्याशी बोलायला बसले.

तुम्हांला जाऊन अजून दोन महिनेही झाले नाहीत. तळमजल्यावरच्या तुमच्या दाराला कुलूप आहे. भाजी घेऊन आले की माझी पावलं अजून तिथे थांबतात. आत कुकरच्या शिट्ट्या होतील, तुम्ही 'बैस, कॉफी घेऊन जा' म्हणाल, असं वाटतं. मग पिशवी सावरून लिफ्टकडे वळते. खोटं कशाला बोलू, पहिले काही दिवस मी त्या दाराकडे बघायचंच टाळलं. आता बघते. बघितल्यावर बरंही वाटतं.

आपली ओळख झाली ती लिफ्टपाशी. आमच्या ह्यांची मद्रासजवळच्या अवडीच्या कारखान्यातली नोकरी संपली आणि मुलाच्या आग्रहाने आम्ही वेलचेरीला राहायला आलो, त्या आठवड्यातली गोष्ट. पाण्याची टाकी भरून वाहत होती आणि तुम्ही रखवालदाराला तमिळमधून झापत होतात. झापता झापता स्वतःशीच म्हणालात, "ह्याजला सांगून काय उपयोग, भिंतीस सांगितलेलं बरं." मी साताऱ्याची बाई, तीस वर्षं मद्रासेत काढून शेजारी मराठी ऐकलं नव्हतं. मी चमकून हसले. माझ्या आजीची आजी बोलली असती तसं तुमचं तंजावरचं मराठी, आणि चाल सगळी तमिळची. "मजला हसूं नको," तुम्ही म्हणालात, "तुम्ही लोकांनी तिकडे भाषा बदलून टाकली, आम्ही इथे जपून ठेवली आहे." पहिल्याच भेटीत मला असं गप्प बसवणारं माणूस मला फार आवडलं.

त्याच वर्षी नवरात्रात तुम्ही मला तुमचा गोलू दाखवलात. आमच्याकडे घट बसतात, मातीत धान्य पेरतात, संपलं. तुमच्याकडे घरात पायऱ्या उभ्या राहिल्या. वर देव, मग साधुसंत, मग लग्नाची वरात, बँडवाले, आणि सगळ्यात खाली वाणी आणि वाणीण, पुढ्यात खरोखरचे तांदूळ आणि डाळ मांडून बसलेले. त्या वाण्याच्या दुकानाला लागून हा वीतभर उंचीचा लाकडी राक्षस. मोठ्या मिशा, वटारलेले डोळे, हातात गदा. तुमच्या आजोबांनी कुठल्याशा देवळाच्या जत्रेत घेतलेला. कुठल्या गोष्टीतला, नाव काय, तुमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मी विचारलं, हा इथे कशाला? देवीच्या पायाखाली नको का? तुम्ही म्हणालात, "पावम्, त्याला भूक लागेल. दुकान जवळ असूं दे." पावम् म्हणजे बिचारा, एवढं तमिळ मला येत होतं. राक्षसाला बिचारा म्हणणारी बाई मात्र मी प्रथमच पाहत होते.

आणि मग दसऱ्याला मी ती चूक केली. तुम्ही स्वयंपाकघरात होतात, गुडघे दुखत होते. आतूनच म्हणालात, "वासंती, एक बाहुली निजव, म्हणजे गोलू संपला." तुमच्यात पायरीवरची एक बाहुली आडवी करतात, बहुधा लाकडी राजा-राणीतली, की सण आटोपला असं समजायचं, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी आपला माझ्या हिशेबाने विचार केला. आज दसरा. दसऱ्याला आडवं कोण होणार? मी राक्षसाला उचलून उताणा पाडला. गदाही हातातून काढून लांब ठेवली, न जाणो.

तुम्ही बाहेर आलात, पाहिलंत. आत जाऊन जांभळ्या खणाचा एक तुकडा आणलात, त्याच्या गळ्यापर्यंत पांघरलात आणि पुढ्यात बसून हलक्या आवाजात अंगाई म्हणायला लागलात.

"अक्का, हे काय चाललंय?"

"तूंच निजवलास नव्हे?"

"निजवला कुठे? मारला!"

तुम्ही इतक्या हसलात की खणाच्या दुसऱ्या टोकाने डोळे पुसावे लागले. राजा-राणी त्या वर्षी उभेच राहिले आणि पुढेही दर वर्षी राक्षसच आडवा होत गेला. मी मारत होते, तुम्ही निजवत होतात. काम एकच, पण आपण नक्की काय करतोय ह्यावर दोघींचं कधी जमलं नाही.

ह्यावर आपण किती भांडलो! तुमच्या कॉफीचं भांडं रिकामं व्हायचं आणि भांडण तसंच उरायचं. मी म्हणायची, धर्म म्हणजे काय गंमत आहे का, देवीच्या हातातलं शस्त्र काय भाजी चिरायला दिलंय? तुम्ही म्हणायचात, "तिच्या चेहऱ्याकडे पाहिलंस कां? मारते आहे आणि हसते आहे. वैऱ्यास मारणारी अशी हसते कां?" मी म्हटलं, बाहुली रंगवणाऱ्याला राग रंगवता येत नसेल. त्यावर तुम्ही म्हणालात, "तसंही असेल." तुमच्याशी भांडायला मजा यायची ती ह्याचसाठी. समोरच्याचा मुद्दा पटला तर तुम्ही तो सरळ घेऊन टाकत होतात, उगीच ओढाताण नाही.

शाळेत तमिळ शिकवताना तुम्ही परीक्षेत विचारलेला तो प्रश्न मी माझ्या सुनेलाही सांगितला. 'युद्ध नसतं त्या दिवशी राक्षस सकाळी उठून काय करत असेल?' पालकांनी मुख्याध्यापिकेकडे तक्रार नेली. निम्म्या मुलींनी लिहिलं, तो माणसं खातो. आणि एकीने लिहिलं, तो आईला विचारतो आज काय केलंयस. तिला तुम्ही पैकीच्या पैकी गुण दिलेत आणि बोलणी खाल्लीत. तुमचं म्हणणं होतं की पुस्तकातला चांगला माणूस लिहिणाऱ्याला आयता मिळतो, वाईट माणसासाठी मात्र त्याला स्वतःच्या घरात शोधाशोध करावी लागते. ज्या पुस्तकातला दुष्ट माणूस नुसताच दुष्ट असतो ते तुम्ही अर्ध्यावर ठेवून द्यायचात. मी मात्र शेवटचं पान आधी वाचणारी. दुष्टाला शिक्षा होत नसेल तर मी पुस्तक हातातच घेत नाही, अजूनही.

तुमचे वडील कथा करायचे, त्यांचंही तुम्ही सांगितलं होतंत. राक्षस मरायची वेळ आली की ते झांज थांबवायचे. लोक टाळ्या वाजवायला हात वर करायचे आणि हे हाताने त्यांना खाली बसवायचे. थोडा वेळ गप्प. मग मंगल म्हणून कथा आटपायची. लहानपणी तुम्ही विचारलंत, अप्पा, तुम्ही गप्प कां राहता? ते म्हणाले, "कां म्हणजे, इतका वेळ तोही आपल्याबरोबर बैसला होता." हे सांगताना तुमचा आवाज थोडा बदलायचा. मला ते ऐकायला आवडायचं, पण पटायचं नाही.

पटलं नाही ते पुरामुळे.

वेलचेरीत पाणी नवं नाही, पण त्या वर्षीचं पाणी वेगळं होतं. आम्ही वर तिसऱ्या मजल्यावर, म्हणून वाचलो. दुसऱ्या मजल्यावरच्या रंगराजनने नवी गाडी घेतली होती. पाणी वाढायला लागल्यावर त्याने रखवालदाराला हाताशी धरून मागच्या फाटकापाशी वाळूची पोती रचून घेतली, गाडीपुरता आडोसा. मग अडलेलं पाणी वळलं ते थेट तुमच्या दाराकडे. त्याने पोती रचली आणि वर गेला, तुमची कडी वाजवून सांगितलंसुद्धा नाही. आम्ही तुम्हांला खांद्याला धरून वर आणलं तेव्हा पाणी पलंगाला टेकलं होतं. पलंगाखाली बाहुल्यांची पेटी होती, तुमच्या पणजीपासूनची.

पाणी ओसरल्यावर पेटी उघडली तेव्हा मातीचा रंगीत चिखल होता नुसता. देव, साधुसंत, वाणी, वाणीण, कोण कुठलं ओळखू येईना. राजा-राणीही सापडले नाहीत. आणि हा बेटा स्वयंपाकघराच्या ओट्याखाली अडकलेला, तोंडात गवत, मिशा जागच्या जागी. तुम्ही त्याला नळाखाली धरलंत आणि म्हणालात, "पाहिलंस? देवी विरघळली आणि हा पोहला." आणि हसलात. मला हसता आलं नाही. मला इतकी चीड आली होती की त्या दिवशीच मी ठरवलं, रंगराजनशी बोलायचं नाही. जिन्यात दिसला तर भिंतीकडे बघायचं. ते मी नेटाने पाळलं.

तुम्ही काय केलंत? तुम्ही आधी त्याला त्याच्या दारात उभं राहून सांगितलंत, "तुम्ही वाईट केलंत." तो मान खाली घालून उभा राहिला, माफी मागितली नाही. आणि पुढच्या नवरात्रात मैलापूरहून नव्या बाहुल्या आणून, पायऱ्या मांडून, तुम्ही पहिल्याच दिवशी चण्याच्या सुंडलाचा, म्हणजे गोलूच्या प्रसादाच्या उसळीचा, डबा त्याच्याकडे पाठवलात. मी म्हटलं, अक्का, तुम्ही फार चांगल्या आहात की नुसत्या भित्र्या आहात, ते मला एकदा सांगा. तुम्ही म्हणालात, "गोष्ट संपते, वासंती. शेजार संपत नाही." माझा पारा चढला. मी म्हटलं, राक्षसाची बाजू ऐकून घ्यायला जो तो तयार. पुस्तकं त्याची, कथा त्याची. ज्याचं घर बुडालं त्याची बाजू कोण ऐकतं? तुम्हांला दया करायला सोपं जातं, कारण बुडालेलं घर तुमचंच आहे. दुसऱ्या कुणाचं असतं तर त्याला सांगितलं असतंत का, सुंडल पाठव म्हणून?

"तेंही खरं," म्हणालात आणि उठून डाळ निवडायला बसलात. तो मुद्दा तिथेच राहिला. त्यानंतर राक्षस दर वर्षी आडवा झाला, पण खण पांघरताना तुम्ही माझ्याकडे एकदा बघायचात आणि मी खिडकीबाहेर बघायची.

शेवटच्या आठवड्यातली ती दुपार मी जपून ठेवली आहे. तुमचा मुलगा सेतू बंगळुरूहून आला होता, औषधं आणायला बाहेर गेला होता. तुम्ही उशीला टेकून बसला होतात. म्हणालात, "ह्या वर्षी आमच्याकडे गोलू नसेल." घरात कुणी गेलं की त्या वर्षी पायऱ्या मांडत नाहीत, आणि तुम्ही स्वतःच्याच सुतकाची व्यवस्था इतक्या शांतपणे लावत होतात की मी रागावले. तुम्ही लक्ष दिलं नाहीत. "बाहुल्या तुझ्याकडे ने. तूं मांड. पायरी रिकामी ठेवूं नको. आणि वरच्या रंगराजनला बोलाव."

"बाहुल्या मांडीन. त्याला नाही बोलावणार."

"एक सांगायचं राहिलं," तुम्ही म्हणालात, आणि तुमच्या डोळ्यांत ती शाळेतली चमक आली. "त्या पहिल्या वर्षी त्याजला सुंडल पाठवलं नव्हे, त्यांत मीठ नव्हतं. त्याचं आधी काढून ठेवलं आणि मग बाकीच्यांत मीठ घातलं. मुद्दाम."

मी तोंडाला पदर लावला. तुम्ही पुढे म्हणालात, "इतका राग होता मजला. न्हाणीघरात जाऊन रडत होते, कुणास दिसूं नये म्हणून. डबा धुऊन परत आला, एक शब्द नाही. पुढच्या वर्षी मीठ घातलं." आणि मग आपण दोघी इतक्या हसलो की सेतू औषधं घेऊन आला तो घाबरूनच. त्याला वाटलं, तुम्हांला श्वास लागलाय.

मला तेव्हा म्हणायचं होतं, अक्का, तुम्ही आणखीनच आवडायला लागलात. म्हणायचं होतं, इतकी वर्षं मी तुम्हांला साध्वी समजून भांडत होते आणि तुम्ही माझ्याइतक्याच चिडलेल्या होतात, हे आधी का नाही सांगितलंत? सेतू समोर होता, राहून गेलं. आता सांगते. तुमच्या चांगुलपणाचा मला थोडा धाकच होता. त्या अळणी सुंडलाने तो गेला.

तुम्ही गेलात त्या सकाळी तुम्हांला ठेवायला शीतपेटी कुणी मागवली, माहीत आहे? रंगराजनने. वीज गेली तर काय म्हणून जनरेटरपाशी तोच उभा होता. स्मशानात गेला आणि येऊन गुपचूप वर निघून गेला. मला त्याचाही राग आला. नावडत्या माणसाने चांगलं काम केलं की माझी फार पंचाईत होते.

नवरात्र आलं. मी पायऱ्या मांडल्या, आणि शेजारी आमचा घटही बसवला. वाण्याच्या दुकानात तांदूळ ठेवले, राक्षसाला दुकानाजवळ उभं केलं. इमारतीतल्या सगळ्या बायका येऊन गेल्या, सुंडलाला नावं ठेवून गेल्या, कारण तुमच्यासारखं खोबरं मला जमत नाही. रोज ठरवायची, आज रंगराजनला सांगू. रोज त्याच्या मजल्यावर लिफ्ट न थांबवता खाली जायची. असं करत दसरा उजाडला. काल दुपारी शेवटी जिन्याने एक मजला उतरले आणि त्याची घंटा वाजवली. दार उघडल्यावर काय बोलावं सुचेना. माझ्या मोडक्या तमिळमध्ये म्हटलं, "संध्याकाळी या. अक्कांनी बोलावलंय." चूक लक्षात आली, पण दुरुस्त केली नाही. तो म्हणाला, "टीचरनी बोलावलं तर येणारच, मामी."

दिवेलागणीला आला. शर्टाला इस्त्री केलेली. पायऱ्यांपुढे हात जोडून उभा राहिला, मग आमच्या ह्यांच्या शेजारी खुर्चीच्या कडेवर बसला. मी सगळ्यांना सोनं वाटत होते. आपल्या आवारातल्या कांचनाचीच पानं, दर वर्षी तुम्हांला द्यायची तीच. त्याच्यापाशी आले आणि ताट पुढे नेलं गेलं नाही. अक्का, ते नाही झालं माझ्याच्याने. सुंडल मात्र दिलं, केळीच्या पानाच्या तुकड्यावर, सगळ्यांना दिलं तसंच.

त्याने एक घास खाल्ला. थांबला. खाली बघत म्हणाला, "एका वर्षी टीचरच्या सुंडलात मीठ नव्हतं."

मी म्हटलं, विसरल्या असतील.

"टीचर विसरत नसत," तो म्हणाला. "सगळं संपवलं मी. ते बरोबरच होतं." आणि पुढचा घास घेतला.

ह्याला माफी म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी अजून ठरवलेलं नाही. तुमच्या पणजीची देवी त्याने परत आलेली नाही आणि मी विचारलेला प्रश्नही होता तिथेच आहे. पण मी तिथे उभी होते आणि माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत मी ह्या माणसाचा चेहरा नीट पाहिलेला नव्हता. म्हातारा झालाय तो. कानावर केस आलेत.

पाहुणे निघायला लागले. गोलू संपवायची वेळ झाली. मी राक्षसाला उचललं, दर वर्षीसारखं आडवं केलं, गदा बाजूला ठेवली. एरवी माझं काम इथे संपायचं आणि तुमचं सुरू व्हायचं. खणाचा तुकडा पेटीत त्याच्याच भोवती गुंडाळलेला होता, तुम्हीच ठेवलेला, तो मी काढून पायरीवर ठेवला होता. पांघरावा की नको? पांघरला तर तुम्ही जिंकणार. नाही पांघरला तर तुमच्याशी भांडायला तुम्ही नाही. अक्का, त्या क्षणी मला तुमची इतकी आठवण आली की राक्षसाच्या मिशा दिसेनाशा झाल्या. मग मी खण उलगडला आणि त्याच्या गळ्यापर्यंत ओढला. अंगाई मला येत नाही, तुमची तर नाहीच. नुसता हात ठेवला त्याच्या पोटावर, नातवाच्या ठेवते तसा.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. रंगराजन निघता निघता जवळ येऊन वाकला होता. त्याने नेहमीच्या मोठ्या आवाजात विचारलं, "हा मेला का, मामी?"

मी तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोला," म्हटलं. "आत्ताच डोळा लागलाय."